स्नानगृहाच्या नूतनीकरणातील सांडपाणी व वायुवीजन नलिकांचे नियोजन : सोलापूर शहराच्या विशेष संदर्भात

सारांश

घराचे नूतनीकरण करताना स्नानगृहातील फरशी, नळ व भांडी यांच्या निवडीला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे महत्त्व फरशीखाली जाणाऱ्या सांडपाण्याच्या नळ्यांना दिले जात नाही. वायुवीजन नलिकेचा, म्हणजे व्हेंट पाईपचा, विचार तर बहुधा दुर्गंधी सुरू झाल्यानंतरच होतो. प्रस्तुत लेखात जलबंधाचे शास्त्रीय तत्त्व, तो तुटण्याची कारणे, नलिकांच्या विविध पद्धती आणि नियोजनाचा क्रम यांचे विवेचन केले आहे. सोलापूरचे उष्ण व कोरडे हवामान, खंडित पाणीपुरवठा आणि जुन्या घरांची रचना यांमुळे सर्वसाधारण नियमांना येथे कोणते विशेष परिमाण प्राप्त होते, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : जलबंध, नहाणी ट्रॅप, मलनलिका, वायुवीजन नलिका, उतार, सेप्टिक टँक, सोलापूर.

१. प्रस्तावना

मराठी घरात 'मोरी' हा शब्द स्नानाची जागा आणि पाणी वाहून जाण्याची वाट या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरात शेजारच्या कन्नड घरातील 'बच्चलु' या शब्दातही हेच दोन अर्थ एकत्र नांदतात. स्नान आणि निचरा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, ही जाण भाषेत पूर्वीपासून आहे. आधुनिक स्नानगृहात मात्र निचऱ्याची वाट फरशीखाली व भिंतीत लपली आणि दृष्टीआड झालेली ही व्यवस्था विचारातूनही दूर गेली.

जुन्या वाड्यांत व चाळींत शौचकूप घरापासून दूर, परसात किंवा मागील बोळात असे. मोरी उघडी असे आणि तिचे पाणी उघड्या गटारात जाई. अशा रचनेत दुर्गंधीयुक्त वायू घरात कोंडून राहण्याचा प्रश्न फारसा नव्हता. शौचकूप शयनगृहाला लागून आले, तेव्हा घर आणि गटार यांच्यामध्ये केवळ काही सेंटिमीटर पाण्याचा पडदा उरला. हा पडदा अखंड ठेवणे हेच स्नानगृहाच्या निचरा-नियोजनाचे मुख्य कार्य होय. ते साधले नाही तर परिणाम केवळ नाकाला जाणवणाऱ्या त्रासापुरते मर्यादित राहत नाहीत. ते आरोग्यापर्यंत आणि काही प्रसंगी दुसऱ्या माणसाच्या जिवापर्यंत पोहोचतात.

२. सोलापूरची पार्श्वभूमी

सोलापूर हे पर्जन्यछायेच्या प्रदेशातील शहर आहे. उन्हाळ्यात येथील तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि हवा अत्यंत कोरडी असते. शहराला उजनी धरण, भीमा नदीवरील टाकळी येथील उपसा आणि हिप्परग्याचा एकरूख तलाव यांतून पाणी मिळत आले आहे. स्रोत अनेक असले तरी दररोज पाणी हा अनुभव सोलापूरकरांना दीर्घकाळ दुर्मीळच राहिला. काही दिवसांच्या अंतराने येणारे पाणी साठवून ठेवणे ही येथील गृहव्यवस्थेची सवय बनली.

या परिस्थितीचा निचरा-नियोजनाशी तीन प्रकारे संबंध येतो. पहिली गोष्ट अशी की, पाणी जपून वापरले जाते. त्यामुळे नळ्या धुऊन निघण्यासाठी लागणारा प्रवाह कमी पडतो. दुसरी गोष्ट, कोरड्या हवेत ट्रॅपमधील पाणी लवकर आटते. तिसरी गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. नळ्यांचा व्यास ठरविण्याचे आधुनिक गणित संभाव्यतेवर आधारलेले आहे. अमेरिकेतील रॉय हंटर यांनी १९४० मध्ये 'फिक्स्चर युनिट' या एककावर आधारित पद्धत सविस्तर मांडली. घरातील सर्व उपकरणे एकाच वेळी वापरली जाण्याची शक्यता अल्प असते, असे तिचे गृहीतक आहे. ज्या शहरात पाणी येण्याच्या दिवशीच धुणी, भांडी, फरशी धुणे व साठवण ही सर्व कामे उरकली जातात, तेथे हे गृहीतक काही प्रमाणात ढळते. म्हणून शक्य तेथे सांडपाण्याची नळी किमान मापापेक्षा एक पायरी मोठी घेणे येथे शहाणपणाचे ठरते. तथापि मलनलिकेच्या बाबतीत अकारण मोठा व्यास घेणेही अयोग्य आहे; कारण मोठ्या नळीत थोडे पाणी पसरट व उथळ वाहते आणि घन पदार्थ मागे राहतात.

३. जलबंध : तत्त्व व मर्यादा

प्रत्येक उपकरणाच्या निर्गममुखाशी वळणदार नळी बसविलेली असते. तिला ट्रॅप म्हणतात. वापरलेल्या पाण्यापैकी शेवटचे थोडे पाणी या वळणात अडकून राहते व नळीतील वायूला घरात येण्यापासून रोखते. या पाण्याच्या थराला जलबंध किंवा वॉटर सील असे म्हणतात. लंडनमध्ये व्यवसाय करणारे स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचकूपाच्या रचनेचे पेटंट घेतले. त्यात एस आकाराचे वळण होते. त्यानंतर अडीचशे वर्षांत साहित्य बदलले, परंतु तत्त्व तेच राहिले.

जलबंधाची खोली शौचकूपासाठी व नहाणी ट्रॅपसाठी सर्वसाधारणतः किमान ५० मि.मी. मानली जाते. लहान व्यासाचे सांडपाण्याचे ट्रॅप थेट मलनलिकेला जोडायचे असतील, तर ती ७५ मि.मी. असावी असा दंडक आहे. या आकड्याचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. वातावरणाचा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. म्हणजे ५० मि.मी.चा जलबंध वातावरणीय दाबाच्या केवळ दोनशेव्या भागाएवढा फरक सहन करू शकतो. नळीतील हवेचा दाब याहून अधिक कमी-जास्त झाला की जलबंध तुटतो. एवढ्या नाजूक पडद्यावर घराचे आरोग्य अवलंबून असते. नळीतील हवेचा दाब बाहेरच्या हवेइतका राखणे हे वायुवीजन नलिकेचे कार्य होय. दुर्गंधी बाहेर नेणारी नळी एवढाच तिचा परिचय सर्वसामान्यांना असतो. प्रत्यक्षात जलबंधाचे रक्षण हे तिचे पहिले काम आहे आणि दुर्गंधीचा निचरा हे दुसरे.

४. जलबंध तुटण्याची कारणे

अ) स्वयंशोषण : बेसिन भरून एकदम रिकामे केले आणि पुढची नळी लांब, अरुंद किंवा फार तीव्र उताराची असली, तर नळी पूर्ण भरून वाहते. तिच्या ओढीने ट्रॅपमधील शेवटचे पाणीही निघून जाते. बेसिनमधून शेवटी 'गुड्गुड्' असा आवाज येणे हे याचे लक्षण होय.

आ) प्रेरित शोषण : वरच्या मजल्यावरील पाणी उभ्या नळीतून खाली येताना नळीच्या भिंतीला चिकटून कड्यासारखे उतरते आणि मधल्या पोकळीतील हवा सोबत ओढून नेते. या हवेची भरपाई वरून झाली नाही, तर ती खालच्या मजल्यावरील ट्रॅपमधून खेचली जाते. वरचा फ्लश वापरल्यावर खालच्या नहाणीतून वास येऊ लागण्याचे कारण बहुधा हेच असते. बादलीने एकदम पाणी ओतण्याची सवय असलेल्या घरांत नळी क्षणभर पूर्ण भरते, त्यामुळे हा परिणाम तीव्र होतो.

इ) प्रतिदाब : उभी नळी तळाशी आडवी होते तेथे पाण्याचा वेग एकदम कमी होतो व त्याच्यापुढील हवा दाबली जाते. तळमजल्याचे उपकरण याच जागेजवळ जोडलेले असेल, तर त्याच्या ट्रॅपमधून बुडबुडे येतात किंवा पाणी उसळते.

ई) बाष्पीभवन : सोलापूरच्या दृष्टीने हे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. दररोज २ मि.मी. पाणी आटते असे उदाहरणादाखल मानले, तरी ५० मि.मी.चा जलबंध २५ दिवसांत संपूर्ण नाहीसा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर बंद राहिलेल्या घरात शिरताच येणारा वास याच कारणाने येतो. अलीकडे स्नानगृहाचे ओला व कोरडा असे दोन भाग करण्याची पद्धत रूढ झाली आहे. कोरड्या भागातील नहाणी ट्रॅपमध्ये नित्य पाणी पडत नाही आणि पाणी वाचविण्यासाठी फरशी धुण्याऐवजी पुसली जाते. असा ट्रॅप घर वापरात असतानाही कोरडा पडू शकतो.

या शेवटच्या कारणाचे गांभीर्य २००३ मध्ये हाँगकाँगमधील आमॉय गार्डन्स या निवासी संकुलात प्रकर्षाने दिसून आले. सार्स रोगाच्या साथीत तेथील तीनशेहून अधिक रहिवासी बाधित झाले. तपासात इतर कारणांबरोबर स्नानगृहांतील फरशीचे कोरडे पडलेले ट्रॅप पुढे आले. त्या घरांत फरशी धुतली न जाता पुसली जात असे. ट्रॅपमध्ये पाणी नव्हते आणि स्नानगृहातील एक्झॉस्ट पंखा सुरू होताच नळीतील दूषित हवा खोलीत ओढली जात होती. जलबंध शाबूत असेल तरच एक्झॉस्ट पंखा उपकारक ठरतो, हा या घटनेचा धडा आहे.

५. नलिका-रचनेच्या पद्धती

भारतीय मानकांत व राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या नवव्या भागात इमारतींच्या निचऱ्याच्या प्रमुख पद्धती सांगितल्या आहेत.

द्विनलिका पद्धतीत शौचकूपाचे मैलापाणी एका उभ्या नळीने आणि स्नान, बेसिन व धुण्याचे पाणी दुसऱ्या उभ्या नळीने खाली आणले जाते. दुसरी नळी गल्ली ट्रॅपमध्ये सोडून मग चेंबरला जोडली जाते. एकनलिका पद्धतीत दोन्ही पाणी एकाच उभ्या नळीतून जाते, मात्र सर्व ट्रॅपच्या वायुवीजनासाठी स्वतंत्र नळी असते. एकल-स्टॅक पद्धतीत स्वतंत्र वायुवीजन नळी नसते; उभी मलनलिकाच गच्चीच्या वर नेऊन उघडी ठेवली जाते व ती दोन्ही कामे करते. ही पद्धत कमी खर्चाची असली, तरी तिच्यात उपकरणे उभ्या नळीच्या जवळ असणे, आडव्या शाखा आखूड असणे आणि ट्रॅपचा जलबंध खोल असणे या अटी काटेकोरपणे पाळाव्या लागतात.

सोलापुरातील एक-दोन मजली स्वतंत्र घरांसाठी द्विनलिका पद्धती अधिक हितावह आहे. शौचकूपाच्या नळीतील दाबबदल स्नानाच्या ट्रॅपपर्यंत पोहोचत नाहीत, हा तिचा तांत्रिक लाभ होय. याखेरीज स्नानाचे व धुण्याचे पाणी वेगळे राहिल्यामुळे ते पुढे गाळून बागेसाठी किंवा फ्लशसाठी वापरण्याची शक्यता खुली राहते. पाणीटंचाईच्या शहरात ही शक्यता नूतनीकरणाच्या वेळीच राखून ठेवणे स्वस्त पडते. नंतर फरशी फोडून ते करणे कोणालाही परवडत नाही. सदनिकांमध्ये मात्र उभ्या नळ्या सामाईक असल्याने अशी निवड एकट्या सदनिकाधारकाच्या हाती नसते. तेथे संस्थेच्या संमतीशिवाय उभ्या नळीत बदल करू नये; कारण एका मजल्यावर केलेल्या फेरफाराचा परिणाम वरखालच्या सर्व घरांवर होतो.

कोणत्याही पद्धतीत गच्चीवरील पावसाचे पाणी मलनलिकेत सोडू नये. सोलापुरात पाऊस थोडा असला तरी जो पडतो तो अनेकदा अल्पकाळात जोराने पडतो. अशा वेळी नळी पूर्ण भरून जलबंध तुटतात आणि तळमजल्याच्या नहाणीतून पाणी वर येते.

६. नियोजनाचा क्रम

नूतनीकरणाची सुरुवात बहुधा दुकानात फरशी व भांडी पाहून होते. निचऱ्याच्या दृष्टीने क्रम नेमका उलट असावयास हवा.

अ) विद्यमान व्यवस्थेची पाहणी : घराचे सांडपाणी महापालिकेच्या भुयारी गटारात जाते की सेप्टिक टँकमध्ये, हे प्रथम निश्चित करावे. चेंबरचे झाकण उघडून आत येणाऱ्या नळीच्या तळाची पातळी घरातील फरशीच्या पातळीपासून मोजावी. जुन्या भागांतील रस्ते वारंवार डांबरीकरण व काँक्रीटीकरण होऊन उंच झाले आहेत, त्यामुळे कित्येक घरांची जोती रस्त्याच्या पातळीला आली किंवा खाली गेली आहेत. तेथे उपलब्ध उतार किती, यावरच स्नानगृहाची जागा ठरते. गटाराच्या जोडणीत बदल करावयाचा असल्यास महापालिकेची परवानगी घेणे आवश्यक आहे.

आ) उभ्या नळीची जागा : प्रथम उभी नळी, नंतर शौचकूप, त्यानंतर नहाणी व शेवटी बेसिन, या क्रमाने आखणी करावी. शौचकूप उभ्या नळीच्या जितके जवळ, तितका बिघाडाचा संभव कमी. उभी नळी बाहेरील भिंतीवर किंवा माणूस उभा राहू शकेल अशा डक्टमध्ये असावी. भिंतीत चिणून टाकलेली नळी दुरुस्त करता येत नाही.

इ) व्यास : शौचकूपासाठी १०० मि.मी. वर्गातील नळी, जिचा बाह्य व्यास ११० मि.मी. असतो, वापरली जाते. नहाणीसाठी ७५ मि.मी. आणि बेसिनसाठी ४० ते ५० मि.मी. व्यास पुरेसा होतो. प्रवाहाच्या दिशेने व्यास कधीही कमी होऊ नये. नळ्या घेताना त्यांवरील मानकाचा क्रमांक पाहावा. यूपीव्हीसी सांडपाणी-नळ्यांसाठीच्या आय.एस. १३५९२ या मानकात 'ए' प्रकार वायुवीजन व पावसाच्या पाण्यासाठी आणि 'बी' प्रकार मैला व सांडपाण्यासाठी आहे. जाडी कमी असल्याने 'ए' प्रकार स्वस्त मिळतो आणि अजाणतेपणी मैलापाण्यासाठीही वापरला जातो; हे टाळावे. जमिनीखालील नळ्यांसाठी आय.एस. १५३२८ हे स्वतंत्र मानक आहे.

ई) उतार : १०० मि.मी. नळीसाठी १:६० ते १:४०, म्हणजे मीटरला सुमारे १७ ते २५ मि.मी. उतार योग्य असतो. याहून कमी उतारात घन पदार्थ साचतात. ज्या घरात फ्लशसाठी थोडेच पाणी वापरले जाते, तेथे १:४० च्या जवळचा उतार ठेवावा. आडव्या नळीत मध्येच खोलगट भाग राहिला तर तेथे कायमचा गाळ बसतो, म्हणून उतार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असावा.

उताराचा संबंध फरशीखालील जागेशी येतो. एक उदाहरण घेता येईल. शौचकूप उभ्या नळीपासून २.५ मीटर अंतरावर असून उतार १:५० ठेवला, तर नळी ५० मि.मी. खाली उतरते. त्यात नळीचा बाह्य व्यास ११० मि.मी., नळीखालील थर २५ मि.मी., नळीवरील आच्छादन २५ मि.मी. आणि फरशी व तिचा मसाला ५० मि.मी. मिळविले, तर एकूण २६० मि.मी. खोली लागते. जलरोधक थराचा विचार करता ती ३०० मि.मी.च्या जवळ जाते. नव्या बांधकामात स्नानगृहाचा स्लॅब एवढा खाली घेता येतो. जुन्या घरातील सपाट स्लॅबवर ही खोली मिळविण्यासाठी स्नानगृहाची फरशीच एक फूट उंच केली जाते आणि दारात उंच पायरी तयार होते. नूतनीकरण बहुतेक वेळा घरातील वृद्धांच्या गुडघेदुखीमुळे, देशी भांड्याऐवजी कमोड बसविण्यासाठी हाती घेतलेले असते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांनाच ही पायरी धोक्याची ठरते. अशा ठिकाणी पी ट्रॅपचा कमोड बाहेरील भिंतीला लावून त्याची नळी फरशीच्या वरून, भिंतीतून थेट बाहेरील उभ्या नळीत नेणे हा अधिक चांगला पर्याय होय. त्यामुळे फरशीखाली फक्त नहाणीची लहान नळी उरते व पायरीची उंची पुष्कळ कमी होते. स्लॅबची लोखंडी सळई तोडून नळीसाठी जागा करणे मात्र कटाक्षाने टाळावे.

उ) जोडण्या : आडव्या नळीला दुसरी नळी जोडताना काटकोनातील टी न वापरता तिरकी वाय जोडणी वापरावी. उभ्या नळीच्या तळाशी एकच तीव्र एल्बो न बसविता पंचेचाळीस अंशांची दोन वळणे द्यावीत. त्यामुळे प्रतिदाब कमी होतो. तळमजल्याची उपकरणे वरच्या मजल्याच्या उभ्या नळीत न जोडता स्वतंत्रपणे चेंबरपर्यंत न्यावीत. दिशा बदलते त्या प्रत्येक ठिकाणी झाकण उघडता येईल असा डोअर बेंड असावा आणि त्याच्यापर्यंत हात पोहोचावा. एका उपकरणाला एकच ट्रॅप असावा; बेसिनखाली बॉटल ट्रॅप असताना त्याची नळी पुन्हा दुसऱ्या ट्रॅपमधून नेल्यास मधली हवा कोंडते आणि प्रवाह अडखळतो.

ऊ) स्थानिक साहित्य-विचार : यूपीव्हीसी नळी तापमानानुसार प्रसरण पावते. ३ मीटर लांबीच्या नळीच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर तिची लांबी सुमारे ६ मि.मी.ने बदलते. पश्चिमेकडील भिंतीवर दुपारचे ऊन झेलणाऱ्या नळीत एवढा फरक सहज पडतो. म्हणून रबरी कडीच्या जोडणीत नळी तळाला न टेकवता थोडी मोकळी जागा ठेवावी, क्लँप घट्ट आवळू नयेत आणि शक्य तेथे नळी सावलीच्या बाजूने न्यावी. काळ्या मातीच्या जागेत जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. तेथे चेंबरपर्यंतची नळी वाळूच्या थरावर टाकून लवचीक जोडणीने जोडावी.

७. वायुवीजन नलिका

उभी मलनलिका शेवटच्या शौचकूपाच्या वर बंद न करता त्याच व्यासाने गच्चीच्या वर नेणे ही किमान आवश्यकता आहे. दुर्दैवाने नूतनीकरणात खर्च वाचविण्यासाठी किंवा नवा मजला चढविताना अडचण होते म्हणून हीच नळी तोडून तिला टोपण लावले जाते. त्याक्षणी खालच्या सर्व ट्रॅपचे संरक्षण संपते.

या नळीच्या उंचीविषयी राष्ट्रीय संहितेतील तरतूद स्पष्ट आहे. छपराच्या वर ती किमान ६०० मि.मी. असावी, परंतु गच्ची वापरात असेल तर ती गच्चीच्या पातळीपासून किमान २ मीटर उंच न्यावी. ३ मीटरच्या आडव्या अंतरात एखादी खिडकी असल्यास तिच्या माथ्यापासूनही नळीचे तोंड २ मीटर वर असावे. सोलापुरात गच्ची हा घराचा वापरातील भाग आहे. उन्हाळ्यात कुरडया, पापड, मिरच्या तेथे वाळतात. रात्री माणसे तेथे झोपतात आणि पाण्याची टाकीही तेथेच असते. त्यामुळे गुडघ्याएवढ्या उंचीवर सोडून दिलेली नळी येथे कोणत्याही अर्थाने पुरेशी नाही.

घराचे सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल, तर टाकीलाही स्वतंत्र वायुवीजन नळी लागते. आय.एस. २४७० या मानकानुसार तिचा व्यास किमान ५० मि.मी. असावा. टाकी इमारतीपासून १५ मीटरपेक्षा जवळ असल्यास ती नळी इमारतीच्या माथ्यापासून २ मीटर उंच न्यावी. शहरी भूखंडावर टाकी १५ मीटर दूर असणे जवळजवळ अशक्य असल्याने दुसरी अट बहुतेक घरांना लागू होते.

दोन्ही नळ्यांच्या तोंडावर बारीक जाळी बसविणे अनिवार्य मानले पाहिजे. हत्तीरोगाचा प्रसार करणारे क्युलेक्स डास सेप्टिक टँक व गटारांतील घाण पाण्यात वाढतात आणि उघड्या नळीतून मुक्तपणे ये-जा करतात. महाराष्ट्रातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत सोलापूरचा समावेश होत आला आहे, हे लक्षात घेता काही रुपयांच्या जाळीचे मोल मोठे आहे. जाळी गंजून किंवा कचऱ्याने बुजून हवेची वाट बंद होत नाही ना, हे वर्षातून एकदा पाहावे.

गच्चीपर्यंत नळी नेणे खरोखरच अशक्य असेल, तेथे हवा आत घेणारी झडप वापरता येते. नळीत दाब कमी झाला की ही झडप उघडते व एरवी बंद राहते. तथापि ती वाढलेला दाब सोडू शकत नाही आणि टाकीतील वायू बाहेर काढू शकत नाही. म्हणून घरात किमान एक नळी आकाशाकडे उघडी असल्याशिवाय केवळ झडपेवर विसंबून राहू नये.

येथे एक गल्लत दूर करणे इष्ट आहे. वायुवीजन नलिका ही नळ्यांसाठी असते. स्नानगृहाच्या खोलीसाठी खिडकी किंवा झरोका वेगळा लागतो. संहितेनुसार त्याचे क्षेत्रफळ किमान ०.३७ चौरस मीटर असावे. ज्या स्नानगृहात गॅस गिझर आहे, तेथे झरोका बंद करणे कार्बन मोनॉक्साइडमुळे प्राणघातक ठरू शकते.

८. चाचणी, नोंद व निगा

नळ्या झाकण्यापूर्वी त्यांची चाचणी घेणे ही नियोजनाची शेवटची आणि सर्वाधिक दुर्लक्षित पायरी आहे. आडव्या नळीचे खालचे तोंड बुचाने बंद करून ती पाण्याने भरावी व काही तास पातळी पाहावी. पातळी उतरल्यास जोडणी गळते आहे असे समजावे. जलरोधक थर दिल्यानंतर खोलगट भागात पाणी साठवून किमान एक दिवस खालच्या छतावर ओल येते का हे पाहावे. सर्व उपकरणे बसल्यावर वरचा फ्लश व बादलीभर पाणी एकाच वेळी सोडून खालच्या प्रत्येक ट्रॅपमधील पाणी हलते का, याचे निरीक्षण करावे. पाणी किंचित थरथरले तर चिंता नाही. ते खेचले गेले किंवा त्यातून बुडबुडे आले तर वायुवीजन अपुरे आहे.

चाचणीनंतर भिंतीपासूनच्या अंतरांसह नळ्यांचा साधा नकाशा काढून व छायाचित्रे घेऊन ती घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावीत. ज्या प्लंबरने काम केले तो दहा वर्षांनी सापडेलच असे नाही. नित्य निगेत दोन सवयी पुरेशा आहेत. कोरड्या भागातील नहाणीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी घालावे, आणि दीर्घकाळ गावाला जाताना सर्व ट्रॅप पाण्याने भरून नहाणीच्या जाळीवर झाकण ठेवावे.

९. नियोजनाची सामाजिक बाजू

निचऱ्याचा प्रश्न घराच्या कुंपणापाशी संपत नाही. उतार चुकलेली नळी वारंवार तुंबते, चेंबर भरते आणि ते मोकळे करण्यासाठी कोणाला तरी बोलावले जाते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींच्या माणसांवर लादले गेले, हा आपल्या समाजाचा इतिहास आहे. टोपलीचे संडास व हाताने मैला उचलणे यांवर १९९३ च्या कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसाला संरक्षक साधनांविना उतरविणे हा गुन्हा ठरविला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. तरीही देशभरात असे मृत्यू घडत राहिले. साचलेल्या मैल्यातून निर्माण होणारा हायड्रोजन सल्फाइड वायू अधिक प्रमाणात असल्यास वासाची जाणीवच नष्ट करतो. उतरणाऱ्याला धोका कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

या दृष्टीने पाहिल्यास योग्य उतार, हाताला येणारा डोअर बेंड, बाहेरून सळई किंवा यंत्राची नळी घालता येईल असे चेंबर आणि रस्त्यावरून यंत्राला पोहोचता येईल अशा जागी असलेले टाकीचे झाकण या केवळ तांत्रिक सोयी राहत नाहीत. कोणाही माणसाला आत उतरावे लागू नये, याची ती घरमालकाने आधीच केलेली तजवीज असते.

१०. निष्कर्ष

१. स्नानगृहाच्या निचऱ्याचे नियोजन उपकरणांच्या खरेदीपूर्वी, चेंबरच्या पातळीपासून सुरू करावे.

२. जलबंध हा घर व गटार यांमधील एकमेव पडदा असून वायुवीजन नलिका ही त्याच्या रक्षणाची प्रमुख व्यवस्था आहे.

३. सोलापूरच्या कोरड्या हवामानात व खंडित पाणीपुरवठ्यात बाष्पीभवन आणि अपुरा प्रवाह ही जलबंध व नळ्या निकामी होण्याची विशेष कारणे आहेत. उतार, व्यास व नित्य निगा यांत त्यांचा विचार व्हावा.

४. स्वतंत्र घरांसाठी द्विनलिका पद्धती तांत्रिकदृष्ट्या सुरक्षित आहे व पाण्याच्या पुनर्वापराची वाट मोकळी ठेवते.

५. वापरातील गच्चीवर वायुवीजन नलिका किमान २ मीटर उंच व जाळीसह असावी.

६. चाचणी व नकाशा यांशिवाय कोणतीही नळी झाकली जाऊ नये.

स्नानगृहाच्या एकूण खर्चात या सर्व बाबींचा वाटा लहान असतो. मात्र त्या राहून गेल्यास त्यांची किंमत फरशी फोडून, आरोग्य गमावून आणि कधी दुसऱ्याच्या जिवाच्या मोलाने चुकवावी लागते. म्हणून नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात फरशीखालच्या कामाची नोंद सर्वांत वर असणे योग्य होय.